घोड्याच्या ट्रेलरचा मागचा दांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरअखेर पुण्यातला रेसचा हंगाम आटोपत आला की घोडे बोरघाट उतरून मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जातात. तुळशीची लग्ने लागली की वरातीच्या घोड्यांची धावपळ सुरू होते आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा भरते. अंकलीहून आळंदीला पायी येणाऱ्या माउलींच्या अश्वांसारखे चालत जाणारे घोडे आता विरळाच, बाकीचे सगळे गाडीने. मोठ्या तबेल्यांचे फ्लोट, म्हणजे घोडे नेण्याच्या खास गाड्या, बऱ्यापैकी राखलेले असतात. पण जीपला जोडायचे दोन घोड्यांचे जुने ट्रेलर हातोहात विकले जातात. गिऱ्हाईक टायर बघते, रंग बघते, रॅम्पचे स्प्रिंग दाबून बघते. घोड्याच्या पुठ्ठ्यामागचा आडवा दांडा किंवा साखळी हलवून बघणारा शंभरात एखादा. ट्रेलरवर काम करणाऱ्यांनी त्याबद्दल चार गोष्टी लिहाव्यात, असे आम्हाला वाटले.

या दांड्याची गरज कायद्यानेही मानली आहे. १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांत मालवाहू गाडीतून घोडे नेताना दोन जनावरांच्या मध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडव्या दांड्या असाव्यात असे म्हटले आहे. वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर सांगितली आहे, तिचे द्रुतगती मार्गावर काय होते ते वाचकांना ठाऊकच आहे. पण दांडी कशाला अडकवायची, कशी सोडायची, हे नियमात नाही. घोळ तिथेच होतो.

मागच्या अडसराकडून दोन गोष्टी हव्यात. घोड्याने कितीही रेटले तरी तो तुटू नये, आणि घोडा रेटत असतानाच तो माणसाला एका हाताने सोडता यावा. पुढे म्होरकीच्या दोराचे नेमके उलटे. वेळ आली तर तो दोर तुटलाच पाहिजे. जुन्या ट्रेलरमध्ये मात्र बहुधा मागे बायंडिंगची तार, खिळा नाहीतर चक्क कुलूप असते आणि पुढे बोटाएवढा जाड नायलॉनचा दोर थेट लोखंडी कडीला. घोडा घाबरून मागे सरकतो, मागची तार तुटते, तोवर डोके बांधलेले असते. डोके अडकल्याचे कळले की घोडा आणखी जोराने मागे ओढतो, मान वर फेकतो आणि टाळू छताला आपटते. ट्रेलरमधल्या अनेक गंभीर दुखापतींचा क्रम हाच असतो.

मुंबईकडे घाट उतरताना भार घोड्याच्या पुढच्या, छातीच्या दांड्यावर येतो. परत येताना खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत घोडा मागच्या दांड्यावर टेकूनच उभा असतो. पाचशे किलोचे थरोब्रेड (रेसच्या जातीचे जनावर) तासभर शांत टेकले तर साधी साखळीही टिकते. तेच जनावर ट्रकच्या हॉर्नला दचकून बसते तेव्हा झटक्याचा भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून कड्या, हुक, साखळी आणि बोल्ट घेताना प्रत्येक घोड्यामागे दोन टन धरावेत, असा आमचा आग्रह असतो. दांडा वाकला तर चालेल, सुटला तर नाही.

नवा दांडा घेण्याआधी तो जिथे अडकणार ती जागा तपासा. नवा दांडा जुन्या सडक्या खांबाला लावणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे. रबरी मॅट बाहेर काढा, फरशीची फळी धुऊन वाळवा आणि खांबाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड कुजलेले आहे. मूत्र मॅटखाली साचते आणि मधल्या पार्टिशनच्या खांबाचे बूड नेमके तिथेच असते. खांबावर हातोडीने ठोकत वर जा. खणखणीत आवाज बद्द झाला की आतून गंज खाल्लेला आहे. खांब किमान ४० बाय ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप असावा आणि तो फरशीखालच्या चॅसिसला व वर छताच्या आडव्या पट्टीला, दोन्हीकडे पक्का हवा. नुसता फळीला स्क्रूने धरलेला खांब पहिल्या धक्क्यालाच मुळासकट उपटतो.

जुन्या वेल्डिंगवर रंगाचे चार थर असतात आणि चीर त्याखाली लपते. संशय असेल तिथे रंग खरवडून डाय पेनिट्रंटची चाचणी करावी. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपना ती नवी नाही. क्लीनरने जागा पुसायची, लाल द्रव मारून दहा मिनिटे थांबायचे, कापडाने पुसून घ्यायचे आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ब्रॅकेटच्या खालच्या कोपऱ्यावर ती हमखास सापडते, कारण दांडा मागे रेटला जातो तेव्हा ताण तिथे जमतो.

आता दांडा की साखळी? दोन्ही चालतात. जुन्या ट्रेलरमध्ये दोन घोड्यांना मिळून एकच लांब दांडा असेल तर तो मात्र काढाच. एक घोडा उतरवण्यासाठी तो सोडला की दुसऱ्याच्या मागेही काही उरत नाही आणि शेजारी उतरताना बघून मागे राहिलेला घोडा थांबत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र दांडा हवा. त्याचा मधला बिजागरीचा जोड पार्टिशनच्या खांबाला आणि सुटणारे टोक बाहेरच्या भिंतीला असावे, म्हणजे सोडणारा माणूस रॅम्पच्या कडेला उभा राहतो, घोड्याच्या लाथेच्या टप्प्यात येत नाही. सुटलेला दांडा एकदम खाली पडून मागच्या पायांवर आपटू नये म्हणून बिजागरीखाली रबरी ठोकळा लावावा किंवा हाताने धरून हळूच खाली सोडावा.

दांड्यासाठी दीड इंची सी क्लास, म्हणजे जाड पत्र्याचा, पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर, वजन मीटरला साधारण साडेचार किलो. एका घोड्याच्या कप्प्याची रुंदी ८० सेंटीमीटर धरली तर मधोमध एकाच बिंदूवर सुमारे सातशे किलो आले की हा पाइप वाकू लागतो. पातळ ए क्लास पाइप साडेपाचशेच्या आतच वाकतो आणि दुकानात विचारले नाही तर तोच हातात पडतो. प्रत्यक्षात पुठ्ठा रुंद असल्याने भार पसरतो, त्यामुळे थोडी सवलत मिळते. वाकलेला दांडा घोड्याला धरून ठेवतो, पण सोडण्याची यंत्रणा आखडवतो. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

साखळीच ठेवायची असेल तर ग्रेड ८० ची, ८ मिलिमीटर जाड कडीची घ्या. तिची सुरक्षित भारक्षमता दोन टन असते. ७ मिलिमीटरची दीड टन. गेटला लावायची चकचकीत साखळी दिसायला तशीच असते, पण तिच्यावर ग्रेडचा शिक्का नसतो. साखळीवर जाड रबरी होजचे आवरण हवे, नाहीतर शेपटीच्या मुळाशी कातडे सोलते. ते आवरण महिन्यातून एकदा सरकवून आत बघा. वरून नळी नवी आणि आत कड्या अर्ध्या खाल्लेल्या, अशा साखळ्या सर्रास निघतात. स्पंज भरलेले कव्हर मूत्र शोषून धरते, ते नको. बंद पेशींचा, पाणी न शोषणारा ईव्हीए फोम चालतो.

कापडी पट्ट्यांबद्दल थोडक्यात. लिफ्टिंगचा पॉलिस्टरचा पट्टा उत्तम, दोन टनांचा हिरव्या रंगाचा असतो आणि त्यावर शिवलेल्या लेबलावर क्षमता छापलेली असते. नायलॉनचा नको, तो ताणला जातो आणि ओला झाला की ताकद कमी होते. पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हाने ठिसूळ होतो. शिवण उसवलेला, कडक आणि चकाकणारा झालेला किंवा लेबल गेलेला पट्टा सरळ बाद करावा. चामड्याचा पट्टा बकलपाशी दुमडून बघा, आतल्या बाजूला भेगा दिसल्या तर त्याचे दिवस भरले.

उंची ठरवताना घोडा ट्रेलरच्या फरशीवर सरळ उभा करून मोजावे, अंगणात नव्हे. पुठ्ठ्याच्या मागच्या हाडाचे टोक हाताला लागते, त्याच्या साधारण एक वीत खाली दांड्याचा मध्य यावा. सोळा हातांच्या (घोड्याच्या मापात हात म्हणजे चार इंच) घोड्याला हे फरशीपासून साडेतीन फुटांच्या आगेमागे येते, तट्टाला बरेच खाली. दांडा फार खाली असला तर घोडा त्यावर बसतो आणि एक पाय पलीकडे टाकतो. फार वर असला तर खालून घसरून बाहेर येतो. वेगवेगळ्या उंचीची जनावरे नेणाऱ्यांनी ब्रॅकेटला ७५ मिलिमीटरच्या अंतराने तीन जागा कराव्यात. छातीचा दांडा आणि मागचा दांडा यांच्यामध्ये घोडा चेपून बसवू नये. पुठ्ठा आणि दांडा यांत चार बोटे जागा हवी, तरच त्याला पाय सावरता येतात. फार मोकळीक दिली तर मात्र तो धाव घेऊन आपटतो.

बोल्टच्या बाबतीत काटकसर करू नये. प्रत्येक ब्रॅकेटला चार, एम१२ (१२ मिलिमीटर व्यासाचे), ग्रेड ८.८. डोक्यावर ८.८ हा आकडा उमटवलेला असतो. ४.६ चा बोल्ट दिसायला जुळा भाऊ, पण ताकद निम्मी. भोक १३ मिलिमीटरचे, कडा घासून घ्यायची. पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला १०० बाय १०० मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची आधारपट्टी लावा. पट्टी नसेल तर बोल्ट न तुटता पत्रा फाडून बाहेर येतो. दोन घोड्यांच्या ट्रेलरला दोन भिंती आणि मधल्या खांबावर दोन बिजागऱ्या मिळून सोळा बोल्ट, बत्तीस वायसर आणि सोळा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असल्याने सैल न होणारे) लागतात. खांबावर बोल्ट आरपार जात असतील तर पाइपच्या आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना पाइपच चेपतो. आवळणी ऐंशी न्यूटन-मीटरच्या आसपास. काढलेला नायलॉक पुन्हा वापरू नका. बोल्टचे डोके आत आणि नट बाहेर ठेवला की घोड्याच्या बाजूला आटे टोचत नाहीत. रिव्हेट आणि सेल्फ-टॅपिंग स्क्रू इथे नकोतच. ट्रेलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर स्टीलच्या ब्रॅकेटखाली रबराची किंवा प्लॅस्टिकची पातळ चकती द्या. दोन धातू ओलाव्यात भिडले की अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत झिजत जाते आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याला फार वेळ लागत नाही.

वेल्डिंग करणार असाल तर ट्रेलर गाडीपासून सोडवा, विजेचा प्लग काढा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. तो दूर चॅसिसला लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि महिनाभरात बेअरिंग खडखडू लागते. दोष मग रस्त्यांना दिला जातो. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, त्याचा धूर बाधतो. मूत्र मुरलेल्या फळ्या आणि रबर जवळ असताना गॅस-कटरने जुने बोल्ट कापू नयेत, ग्राइंडर वापरा आणि पाण्याची बादली शेजारी ठेवा.

आता सोडण्याची यंत्रणा. जुन्या ट्रेलरमध्ये दांड्याच्या टोकाला भोक आणि त्यात सरळ पिन असते. गाडी रिकामी असताना ती बोटाने निघते, म्हणून सगळे खूश. पण घोडा टेकून बसला की एका टोकावर अडीचशे-तीनशे किलोचा रेटा येतो. तेव्हा ती पिन ओढायला नुसत्या घर्षणापोटी साठ-सत्तर किलोचा जोर लागतो. पिन गंजलेली किंवा दांडा वाकलेला असेल तर हातोडाच घ्यावा लागतो, तोही घोडा लाथा झाडत असताना. दोराची गाठ तर ताणाखाली सुटतच नाही.

उपाय दोन आहेत. पहिला पॅनिक हुक. त्याची बाही सरकवली की ताणाखालीही जबडा उघडतो. तो स्टीलचा, घडीव आणि भारक्षमता कोरलेला हवा. बाजारात त्याच आकाराचे ओतीव जस्ताचे हुक मिळतात. हातात हलके लागतात, साच्याच्या जोडाची रेघ दिसते आणि झटक्याला बिस्किटासारखे मोडतात. दुसरा पेलिकन हुक, त्यात कडी सरकवली की पाय उलटा फिरून साखळी मोकळी होते. धुळीत आणि लिदीत आम्हाला तो जास्त भरवशाचा वाटतो. दोन्हींपैकी काहीही लावा, पण सुटणाऱ्या टोकाला एकच जोड ठेवा. हुकाला कडी, कडीला शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी), शॅकलला तार अशी माळ केली की सर्वात कच्च्या मण्याएवढीच तिची ताकद. शॅकल फक्त न सुटणाऱ्या टोकाला वापरावी आणि तिची पिन तारेने बांधून ठेवावी, प्रवासाच्या कंपनाने ती उलगडते. वाकवून केलेल्या तारेचा आय-बोल्टही टाळा. तो सरळ ओढीसाठी असतो, दांडा त्याला आडवा ओढतो आणि डोळा उघडतो. त्याऐवजी ब्रॅकेटला वेल्ड केलेली घडीव डी-कडी घ्या.

खरेदीसाठी बोहरी आळीत पाइप, नट-बोल्ट, वायसर सगळे मिळते. हुक आणि साखळी मात्र लिफ्टिंग टॅकल विकणाऱ्याकडून चाचणीच्या दाखल्यासह घ्यावी. जुन्या बाजारातली क्रेनची साखळी स्वस्त पडते, पण ती आधी कुठे आणि कितीदा ताणली गेली हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

काम झाल्यावर घोडा चढवायच्या आधी चाचणी घ्या. हिला अर्धा तास पुरतो आणि जवळपास कोणी ती घेत नाही. ट्रेलर गाडीला जोडून हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. दांड्याच्या मधोमध रुंद लिफ्टिंग पट्टा गुंडाळा, त्याला टांगता काटा आणि चेन-ब्लॉक (साखळीची कप्पी) जोडून मागे एखाद्या पक्क्या खांबाला अडकवा. हळूहळू सहाशे किलोपर्यंत ताणा आणि पाच मिनिटे तसेच ठेवा. माणसे ओढीच्या रेषेत नव्हे, बाजूला उभी करा. ब्रॅकेटभोवतीचा रंग तडकतो का, पत्रा फुगतो का, खांब झुकतो का ते बघा. मग तो ताण कायम ठेवून, घोडा नेणाऱ्या सईसालाच हुक सोडायला सांगा, दांड्याची रेषा टाळून. त्याच्या एका हाताने सुटला तर काम झाले. मिस्त्रीच्या हाताने सुटला आणि सईसाच्या हाताने नाही, तर हुक बदला. प्रवासात मिस्त्री बरोबर नसतो.

पुढच्या दोराचे काम पाच मिनिटांचे. कडी आणि दोर यांच्यामध्ये तागाच्या सुतळीचा एक फास घाला आणि दोर त्या फासाला बांधा. हल्ली सगळीकडे मिळते ती प्लॅस्टिकची सुतळी नको, ती तुटत नाही. दोराची लांबी एवढी ठेवा की घोड्याला खोकण्यासाठी मान खाली नेता येईल, पण मागे वळता येणार नाही.

हे सगळे केले तरी क्रम चुकला तर दांड्याचा उपयोग नाही. चढवताना आधी मागचा दांडा लागतो, मग रॅम्प उचलला जातो आणि डोके शेवटी बांधले जाते. उतरवताना डोके आधी सोडायचे, मग रॅम्प, दांडा सर्वात शेवटी. घाईत सईस उलटे करतात, कारण पुढे उभ्या माणसाला दोर हातात धरून थांबायचा कंटाळा येतो. दोन माणसे नसतील तर घोडा चढवूच नये, असे तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवले तरी हरकत नाही. वाटेत रॅम्प उघडून पाणी पाजायची सवय असेल तर आधी बाजूच्या खिडकीतून बघा. घोडा दांड्यावर बसलेला असेल तर रॅम्प उघडल्यावर तो खाली येईल.

गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी ब्रेक, दिवे, टायर पाहिले जातात. आतल्या दांड्याची जबाबदारी मालकाचीच राहते. जत्रा आणि रेसच्या आयोजकांनी प्रवेशद्वारावर घोड्याच्या कागदपत्रांसोबत एवढे एक बघावे, अशी आमची सूचना आहे: घोडे उतरल्यावर एका माणसाने रिकामा दांडा लावून त्यावर पूर्ण वजनाने रेलावे आणि दुसऱ्याने तो एका हाताने सोडून दाखवावा. ज्या गाडीचा दांडा सुटणार नाही किंवा आपसूक सुटेल, तिला परतीचे घोडे भरण्यापूर्वी दुरुस्ती करायला लावावी. मैदानाबाहेर वेल्डिंगवाला हमखास असतोच.

आपले,
घोड्यांच्या ट्रेलरची बांधणी व दुरुस्ती करणारे काही वाचक,
हडपसर, पुणे